मालगाडी साल सांगते!

आमच्या घरी आजोबांचा एकच फोटो आहे. पूर्णा जंक्शन, खांद्यावर हातोडा अन्‌ मागे मालगाडी. आजोबा रेल्वेत गँगमन होते. फोटोमागे ना तारीख, ना साल. बाबा म्हणतात, "१९८५ चा." काका म्हणतात, "छे, रिटायर व्हायच्या आसपासचा." आजोबा आता नाहीत, विचारणार कुणाला? म्हटलं, आपण इंजिनिअरिंगला आहोत, तर फोटोलाच विचारू.

मित्रांनो, फोटोत आधी रूळ बघा. गाडीखालचे रूळ जवळजवळ होते, म्हणजे मीटरगेज, अंतर १००० मिमी. पलीकडचे मात्र चांगलेच रुंद होते, म्हणजे ब्रॉडगेज, १६७६ मिमी. परभणीकडून ब्रॉडगेज पूर्णेला आली ती नव्वदच्या दशकात. म्हणजे १९८५ बाद! इकडे पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये पूर्ण ब्रॉडगेज झाला, म्हणजे फोटो त्याआधीचा. काका जिंकले. पण नेमकं साल काही मिळालं नाही.

सुट्टीत मी त्याच जागेचा फोटो काढायला गेलो. मीटरगेजचा मागमूस नाही. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार, जिकडेतिकडे खांब. जुन्या फोटोतलं मोकळं आभाळ आता कुठल्याच कोनातून सापडत नाही.

मालगाडीचे फोटो काढायचे तर वॅगनवरचा ११ आकडी नंबर जरूर टिपा. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पाचवा-सहावा बनवल्याचं साल. म्हणजे फोटो त्या सालाआधीचा असूच शकत नाही! शेवटचा आकडा नंबर बरोबर आहे का ते तपासायला असतो.

आता थोडं गणित. ताशी ६० किमीने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. शटर १/६० ला ठेवलं तर तेवढ्यात गाडी २८ सेंमी सरकते, नंबर पुसट येणार. १/१००० ला जेमतेम १.७ सेंमी. जागा, उंची, दिशा दरवेळी तीच ठेवा. एखादी न हलणारी खूण, जुनी इमारत किंवा झाड, फ्रेममध्ये घ्या. आणि रुळात उतरू नका. पादचारी पूल किंवा फाटकाबाहेरची जागा पुरते. विनापरवाना रुळात शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जीव काही दुसरा मिळत नाही.

मोबाईलच्या फोटोत तारीख असते खरी, पण व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की ती माहिती गळून जाते. म्हणून तारीख अन्‌ जागा वेगळी लिहून ठेवा. फ्रेममध्ये रुळावर काम करणारं कुणी आलं तर "जरा बाजूला व्हा" म्हणू नका. विचारून फोटो काढा, नाव लिहा, अन्‌ एक प्रिंट त्यांना नेऊन द्या. त्यांच्या घरीही कदाचित तो एकच फोटो असेल.