एका गावाचे अनेक नकाशे

भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजे जीआयएसमध्ये, गावाचा एकच एक नकाशा नसतो. गट नंबरांचा एक थर, रस्त्यांचा दुसरा, ओढ्यांचा तिसरा, चढउताराचा चौथा. आणि प्रत्येक आकृतीमागे तिच्या माहितीचा तक्ता. हे थर एकावर एक ठेवून जमिनीविषयी प्रश्न विचारायचे, हे नियोजनकाराचे काम. पारदर्शक कागदांवर असे थर रचण्याची पद्धत इयान मॅकहार्ग यांनी १९६९ च्या पुस्तकात मांडली. त्याच दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी ते काम संगणकावर आणले. आज क्यूजीआयएससारखी मोफत आज्ञावली साध्या संगणकावर तेच करते. तांत्रिक अडचण आता फारशी उरलेली नाही. अडचण थरांच्या वयात आणि मापात आहे.

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे त्यासाठी चांगले उदाहरण. हे आसपासच्या वाड्यावस्त्यांचे बाजारगाव. एका अंगाला दिवेआगरची पुळण आणि नारळ-पोफळीच्या वाड्या, दुसरीकडे दिघी बंदर, मध्ये भातखाचरे, वरकस डोंगर आणि खाडीकडे खाजणे. थोड्या अंतरात जमिनीचे इतके प्रकार आले की प्रत्येक चूक चटकन दिसते.

सुरुवात गाव नकाशापासून होते. जुन्या मुंबई इलाख्यातील मोजणी ३३ फुटी साखळीने झाली. तेहतीस फूट चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. त्या काळच्या गाव नकाशांत साधारणपणे एक इंच म्हणजे ६६० फूट, म्हणून कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सुमारे आठ मीटर भरतो. असा कागद स्कॅन करून संगणकावर घेतला की त्यावरचे ओळखीचे बिंदू शोधायचे असतात: तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, जुना पूल, देवळाचा कोपरा. त्याच बिंदूंचे अक्षांश-रेखांश प्रत्यक्ष जागेवर उपग्रह-यंत्राने घेतले जातात आणि नकाशा त्यांवर ताणून बसवला जातो. कागद दमट हवेत सर्व बाजूंनी सारखा आक्रसत नाही. त्यामुळे एक कोपरा बसला की दुसरा सुटतो. अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर चार मीटर व्यापते, आणि गुंठ्याची बाजू जेमतेम दहा मीटर. कोकणात भाऊहिश्शांत वाटली गेलेली चिंचोळी वाडी या रेघेतच अर्धी बुडते. पडद्यावर मात्र नकाशा हवा तेवढा मोठा केला तरी संगणकात गिरवलेली तीच रेघ केसासारखी बारीक राहते. पाहणारा फसतो तो इथेच.

ड्रोनने यावर उतारा काढला, पण अर्धाच. महाराष्ट्रात गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरीत झाला. पुढे २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेतून हीच पद्धत देशभर गेली. उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दींवर चुना मारतात, वरून छायाचित्रे घेतात आणि १:५०० प्रमाणाचा नकाशा तयार होतो. देशावरच्या उघड्या गावठाणात हे सुरेख जमते. पोफळीखालच्या कौलारू घराचा चुना मात्र वरून दिसत नाही. दिसतात त्या झावळ्या. तिथे भूमापकाला टेप धरून गडग्याकडेने चालावेच लागते. हातातले रोव्हर हे उपग्रह-यंत्र मोकळ्या आभाळाखाली काही सेंटिमीटरपर्यंत अचूक असते. दाट झाडोऱ्यात त्याचा संकेत अडतो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने हेच छत्र मोडले. श्रीवर्धन तालुक्यात नारळ-पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतरच्या उपग्रहचित्रावरून जमीनवापराचा थर काढला, तर वर्षानुवर्षांची बागायत पडीक म्हणून रंगू शकते. पोफळ पुन्हा उत्पन्नावर यायला काही वर्षे जातात, आणि प्रादेशिक योजनेत जमिनीचे विभाग ठरवताना चालू जमीनवापर हा मुख्य आधार असतो. म्हणून चित्राची तारीख तक्त्यात लिहिलेली नसेल तर तो थर वापरूच नये. पावसाळ्यात कोकणावर ढग असल्याने साधी चित्रे बहुधा कोरड्या महिन्यांतलीच असतात. त्यांत पावसाळ्यात पाण्याने भरणारे खाचरही उजाड माळ दिसते. ढगांतून पाहणारी रडार-चित्रे मिळतात, पण ती वाचायला सवयीचा डोळा लागतो.

पुढचे काम अंतरपट्ट्यांचे. गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक योजना आणि बांधकाम नियमांच्या अधीन राहून राहण्यासाठी अकृषिक मानण्याची तरतूद महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने आणली. दिवेआगरसारख्या किनाऱ्याच्या गावात दुसरी पट्टी भरतीरेषेपासून मोजतात. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर ना-विकास क्षेत्र ५० मीटर, नाहीतर २०० मीटर. एक पट्टी बांधू देते, दुसरी अडवते. दोन्ही एकाच गटावर पडल्या की भरतीरेषेचा थर किती मीटर इकडेतिकडे आहे, यावर घर उभे राहायचे की नाही हे ठरते. किनारा नियमनाचे स्थानिक नकाशे १:४००० प्रमाणाचे. गाव नकाशा त्याच्या जवळपास निम्म्या मापाचा. बारीक थर जाड्या थरावर ठेवला तर निष्कर्ष जाड्या थराइतकाच पक्का.

सोयी कुठे कराव्यात हे ठरवताना कंपासने वर्तुळ मारण्याची सवय कोकणात घातक ठरते. दिघीहून राजपुरी खाडीपलीकडचे आगरदांडा समोर दिसते आणि जंगलजेटीने, म्हणजे फेरीबोटीने, जाता येते. खाडीला वळसा घालून रस्त्याने जायचे तर कित्येक पट अंतर. फेरी बंद असलेल्या रात्री नकाशावरचा शेजार काही कामाचा नाही. म्हणून इथे रस्ते-जाळ्याच्या थरात फेरीला तिच्या वेळांसह स्वतंत्र दुवा द्यावा लागतो आणि दवाखान्याचे अंतर मिनिटांत काढावे लागते.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक केंद्रांत दिघी आहे. त्यामुळे या पट्ट्यात नकाशे झपाट्याने बनतील, आणि घाईत पहिली कात्री लागते ती शिवारफेरीला. तीच कापू नये. खाजणातला बांध फुटून भातशेती कांदळवन झाली आहे का, सातबाऱ्यावरची पायवाट आजही वापरात आहे का, हे तिथे जाऊनच कळते. प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांची मुदत असते. त्या काळात प्रत्येक खातेदाराने, मुंबईकर चाकरमान्यांनीही, आपला गट नंबर शोधून त्याला दिलेला विभागाचा रंग पाहावा आणि त्याखालच्या थराची तारीख लेखी विचारावी. योजना मंजूर झाल्यावर तो रंग बदलायचा तर नगररचना अधिनियमाच्या कलम २० खाली राज्य शासनाकडे जावे लागते.