पॅरिस जिंकलं, मग सामना का संपला नाही? चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीचा हिशेब

भोपाळ, जवाहर चौक. गेल्या वर्षी १२ मार्चची पहाट, सव्वातीनच्या पुढे घड्याळ गेलेलं. भाचा तिथे शिकायला आहे, टी. टी. नगरात जवाहर चौकाच्या मागच्या गल्लीत तिघांत मिळून खोली घेतली आहे. (टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. आपल्या येवल्याच्या माणसाचं नाव तिथली पोरं रोज आद्याक्षरांत घेतात आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं.) मी आणि दाजी त्याला भेटायला गेलो होतो. खोलीत झोपायला जागा नव्हती आणि लॅपटॉपवर लिव्हरपूल विरुद्ध पॅरिस सेंट जर्मेन चालू होता, त्यामुळे झोपेचा प्रश्नच मिटला.

दाजी कोल्हापूरचे. फुटबॉल त्यांना शिकवायला नको, आयुष्यभर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडीलचे सामने बघितलेला माणूस. ९० मिनिटं संपली, शिट्टी झाली, स्कोअर पॅरिस १, लिव्हरपूल ०. दाजींनी चादर ओढली. आणि बघतात तर खेळाडू मैदानातच, पाणी पितायत, पाय चोळून घेतायत.

"पाव्हणं, पॅरिस जिंकलं न्हवं? मग ही पोरं अजून ग्राउंडात कशाला?"

भाच्याचा एक रूममेट लिव्हरपूलचा लाल शर्ट घालून बसला होता. तो काहीच बोलला नाही. उत्तर मलाच द्यावं लागलं, आणि तेव्हा लक्षात आलं की रोज रात्री जागून बघणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी पोरांनाही हा हिशेब नीट माहीत नाही. यंदाची बाद फेरी फेब्रुवारीत सुरू होते आहे, म्हणून तो इथे मांडतो.

आपल्याकडची बाद फेरी म्हणजे एक सामना. शाहू स्टेडियम असो की बेळगावातलं मैदान, हरला तो घरी. बरोबरी झाली तर टायब्रेकर, पण निकाल त्याच संध्याकाळी. युरोपात अंतिम सामना सोडला तर बाद फेरीची प्रत्येक लढत दोन सामन्यांची असते, एक तुमच्या मैदानावर, एक त्यांच्या. दोन्ही सामन्यांचे गोल एकत्र मोजायचे, ज्याची बेरीज जास्त तो पुढे. म्हणजे लढत ९० मिनिटांची नाही, १८० मिनिटांची. पहिला सामना संपतो तेव्हा खरं तर फक्त मध्यंतर झालेलं असतं, आठवडाभराचं.

लिव्हरपूलने पहिला सामना पॅरिसमध्ये १-० असा जिंकला होता. जिंकला म्हणजे कसा, तर पॅरिसने गोलवर २७ फटके मारले, लिव्हरपूलने दोन. गोलकीपर ॲलिसन भिंतीसारखा उभा राहिला आणि ८७व्या मिनिटाला बदली आलेल्या हार्वे एलियटने गोल करून टाकला. दुसऱ्या सामन्यात लिव्हरपूलच्या घरी, ॲनफिल्डवर, डेम्बेलेने १२व्या मिनिटाला गोल मारला. बेरीज १-१. त्या रात्रीचा सामना पॅरिसने जिंकला हे दाजींचं बरोबर होतं, पण लढत बरोबरीत होती. म्हणून १५-१५ मिनिटांचा जादा वेळ, आणि त्यातही गोल नाही म्हणून पेनल्टी शूटआउट. पॅरिसच्या डोन्नारुम्माने नुन्येझ आणि कर्टिस जोन्स या दोघांच्या पेनल्टी अडवल्या. ४-१. लाल शर्टवाला उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आला नाही.

इथे दुसऱ्या रूममेटने नेहमीचा प्रश्न काढला, "पण अवे गोलचं काय?" हा नियम आता नाही. बेरीज सारखी असेल तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जायचा, तो नियम युएफाने २०२१ मध्ये रद्द केला. पस्तीस-चाळिशीच्या प्रेक्षकांच्या डोक्यातून तो अजून जात नाही, कारण त्याने नाट्यच तसं घडवलं होतं. २०१९ च्या उपांत्य फेरीत आयाक्सने टॉटनहॅमला लंडनमध्ये १-० हरवलं, ॲम्स्टरडॅममध्ये मध्यंतराला २-० ची आघाडी घेतली. मग लुकास मोउराने तीन गोल केले, तिसरा ९६व्या मिनिटाला. बेरीज ३-३, पण टॉटनहॅमचे तिन्ही गोल परक्या मैदानावरचे, आयाक्सचा तसा एकच. टॉटनहॅम अंतिम सामन्यात. आजच्या नियमाने त्या रात्री जादा वेळ खेळावा लागला असता.

गंमत म्हणजे अवे गोलचा नियमही एका जुन्या अन्यायावरचा उपाय होता. त्याआधी बेरीज सारखी आली तर तिसरा सामना तटस्थ गावात व्हायचा, आणि तोही सुटला नाही तर सरळ नाणेफेक. १९६५ मध्ये लिव्हरपूल आणि कोलोन यांचे दोन सामने ०-० झाले, रॉटरडॅममधला तिसरा २-२. पंचांनी एक बाजू लाल, एक पांढरी अशी चकती उडवली, ती चिखलात उभीच रुतली! पुन्हा उडवली, लिव्हरपूल पुढे गेलं. तीन सामने खेळून चकतीवर घरी जाणाऱ्या कोलोनच्या खेळाडूंना काय वाटलं असेल. पेनल्टी शूटआउटला आपण जुगार म्हणतो, पण निदान त्यात लाथ तरी खेळाडूच मारतो.

आता गुणतक्त्याकडे येऊ, कारण दाजींचा पुढचा प्रश्न तोच होता. "लिव्हरपूल पहिल्या नंबरात होतं म्हणता, मग त्यांना सोप्पा संघ नको का द्यायला?"

२०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगमध्ये ३६ संघ एकाच तक्त्यात असतात. पूर्वीचे चार-चार संघांचे आठ गट गेले. प्रत्येक संघ आठ वेगवेगळ्या संघांशी आठ सामने खेळतो, चार घरी, चार बाहेर. पहिले आठ थेट अंतिम १६ मध्ये. ९ ते २४ क्रमांकाच्या संघांना आधी एक जादा लढत खेळावी लागते, तिला प्ले-ऑफ म्हणतात, तीही दोन सामन्यांची. २५व्या क्रमांकापासून खालचे सगळे घरी, पूर्वीसारखं खालच्या युरोपा लीगमध्ये जाऊन पोटापाण्याची सोय नाही.

जोड्या मनाला येईल तशा लागत नाहीत. नववा किंवा दहावा संघ २३व्या-२४व्याशी, अकरावा-बारावा २१व्या-२२व्याशी, असं आत येत येत पंधरावा-सोळावा १७व्या-१८व्याशी. चिठ्ठी फक्त या दोघांपैकी कोण, एवढ्यापुरती. आणि त्या शेवटच्या जोड्यांतून जो वर येतो, त्याची गाठ पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकाशी. कागदावर हे न्यायाचं आहे. पण गेल्या वर्षी पॅरिस सुरुवातीला अडखळलं, सावरलं आणि पंधरावं आलं. प्ले-ऑफमध्ये अठराव्या आलेल्या ब्रेस्टला त्यांनी दोन सामन्यांत मिळून १०-० असं धुतलं आणि चिठ्ठीत निघालं पहिल्या क्रमांकाचं लिव्हरपूल. पंधरावा म्हणून मिळालेला तो 'सोप्पा' संघ पुढे इंटर मिलानला अंतिम सामन्यात ५-० हरवून विजेता झाला. मँचेस्टर सिटीचंही तसंच, २२वे आले आणि प्ले-ऑफमध्येच समोर रेआल माद्रिद. ३-२ आणि ३-१, बेरीज ६-३, फेब्रुवारीतच खेळ खलास.

मग वर येण्याचा फायदा काय? एक जादा लढत वाचते आणि दुसरा सामना घरी मिळतो, एवढाच. शूटआउट झालाच तर तो आपल्या लोकांसमोर होतो. पण हा फायदा गेल्या वर्षी अंतिम १६ पर्यंतच होता, पुढे चिठ्ठीवर. म्हणून तक्त्यात दुसऱ्या आलेल्या बार्सिलोनाला उपांत्य फेरीचा दुसरा सामना चौथ्या आलेल्या इंटरच्या मिलानमध्ये खेळावा लागला. घरी ३-३, मिलानमध्ये जादा वेळेत ४-३, बेरीज ७-६ आणि बार्सिलोना बाहेर. यंदापासून नियम बदलला आहे. पहिल्या चार संघांना उपांत्यपूर्व फेरीत आणि पहिल्या दोघांना उपांत्य फेरीतही दुसरा सामना घरच्या मैदानावर. मला विचाराल तर हे आधीच करायला हवं होतं. आठ सामने घाम गाळून वर यायचं आणि शेवटी घर कुणाचं हे चिठ्ठीने ठरवायचं, याला काय अर्थ आहे?

दोन सामन्यांचं गणित आपल्या दाराशीही येऊन गेलं आहे. लिव्हरपूल हरलं त्यानंतर महिनाभरात, २ एप्रिल २०२५ ला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत बंगळूर एफसीने एफसी गोवाला कंठीरवा स्टेडियमवर २-० हरवलं. ६ एप्रिलला फातोर्ड्यात गोव्याने दोन गोल परत केले, दुसरा ८८व्या मिनिटाला. बेरीज २-२, स्टेडियम डोक्यावर. आणि भरपाईच्या वेळेत ९२व्या मिनिटाला सुनील छेत्रीचा हेडर. सामना गोव्याने २-१ जिंकला, लढत बंगळूरने ३-२. इथे बेळगावात अर्धी पोरं गोव्याची, अर्धी बंगळूरची. त्या रात्री गोव्याच्या बाजूच्या घरांत दाजींचाच प्रश्न विचारला गेला असेल, फक्त उलट्या बाजूने. जिंकलो ना, मग बाहेर कसे?

दाजींचं मत मात्र बदललं नाही. त्यांच्या मते ज्याला आज जिंकता येतं तोच खरा, परवाचा हिशेब कशाला मागे लावायचा. मी म्हटलं, एका सामन्यात पंचाची एक चूक, एक लाल कार्ड, एक चिखलातला उसळलेला चेंडू निकाल फिरवतो. दोन सामन्यांत चांगला संघ सावरायला जागा असते. पॅरिस पहिल्या सामन्यात २७ फटके मारून हरलं होतं, शाहू स्टेडियमच्या नियमाने ते त्याच रात्री घरी गेलं असतं आणि पुढचा विजेता कुणाला दिसलाच नसता. यावर दाजी म्हणाले, "आणि लिव्हरपूल पुढं गेलं असतं की. त्या पोराला विचारा बरं." गॅलरीकडे बोट दाखवून.

जागणाऱ्यांसाठी वेळा. प्ले-ऑफ १७-१८ आणि २४-२५ फेब्रुवारीला, अंतिम १६ चे सामने १०-११ आणि १७-१८ मार्चला. मोठे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता, म्हणजे कॅलेंडरवर पुढची तारीख धरा. मंगळवारचा सामना म्हणून मंगळवारी पहाटे गजर लावलात तर हाती काही लागणार नाही. मार्चअखेरीस युरोपातली घड्याळं तासभर पुढे सरकतात, त्यामुळे ७ एप्रिलपासूनची उपांत्यपूर्व फेरी आणि २८ एप्रिलपासूनची उपांत्य फेरी आपल्याला रात्री साडेबारापासून बघता येईल. बारावीच्या पोरांच्या आयांना मार्चमधल्या तारखा सांगू नयेत.

अंतिम सामना ३० मे रोजी बुडापेस्टमध्ये. यंदा तो तिथे संध्याकाळी सहाला ठेवला आहे, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ. हे दाजींना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की तो तरी एकाच सामन्याचा आहे ना. हो म्हटल्यावर, "मग बघतो की," म्हणाले.