फुटलेला अहवाल आणि सोयीचा प्रामाणिकपणा

एप्रिल 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक चालू होती. आमदार भारत भालके यांच्या निधनाने ती लागली होती आणि करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. सभांमध्ये ऊस होता, मंगळवेढ्याच्या 35 गावांचं पाणी होतं, आणि त्यांच्या जोडीला मुंबईहून आलेला एक विषय होता: वसुली आणि पोलिसांच्या बदल्या. भाजपच्या तोंडी ‘महावसुली सरकार’, तर राज्यात सत्तेत असलेल्या महाविकास आघाडीच्या तोंडी फोन टॅपिंग आणि दिल्लीचं कारस्थान. 2 मे रोजी भाजपचे समाधान आवताडे राष्ट्रवादीच्या भगीरथ भालके यांच्यावर चार हजारांच्या आतल्या मतांनी निवडून आले. निवडणूक संपली, वाद मात्र पुढे तीन वर्षं चालला.

झालं होतं असं. ऑगस्ट 2020 मध्ये राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तेव्हाच्या आयुक्त रश्मी शुक्ला यांनी पोलीस महासंचालक सुबोध जयस्वाल यांना एक गोपनीय अहवाल दिला. पैसे आणि ओळखीच्या जोरावर पोलिसांच्या बदल्या ठरवून देणारे दलाल फिरताहेत, असा त्याचा आशय. आधार होता टॅप केलेल्या फोनवरच्या संभाषणांचा. अहवाल गृहखात्याकडे गेला आणि तिथेच राहिला. शुक्ला यांची बदली नागरी संरक्षण दलात झाली. 20 मार्च 2021 रोजी मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांचं, तेव्हाच्या गृहमंत्र्यांवर ‘महिना 100 कोटीं’च्या वसुलीचा आरोप करणारं पत्र बाहेर आलं आणि तीनच दिवसांनी विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषदेत या अहवालाचा हवाला दिला. आपल्याकडे 6.3 जीबी डेटा आहे असं सांगून ते त्याच दिवशी दिल्लीला गेले आणि तो केंद्रीय गृहसचिवांकडे देऊन आले.

इथून दोन प्रश्न निघतात. अहवालात लिहिलेलं खरं आहे का? आणि तो बाहेर दिला कोणी? सरकारने दुसरा प्रश्न उचलला, विरोधकांनी पहिला. दोन्ही प्रश्न रास्त होते. पण ज्याला जो अडचणीचा, तो त्याने शेवटपर्यंत तोंडी येऊ दिला नाही.

सरकारच्या बाजूने 25 मार्चला मुख्य सचिव सीताराम कुंटे यांचा अहवाल आला. सार्वजनिक सुव्यवस्थेचं कारण पुढे करून, दिशाभूल करून टॅपिंगची परवानगी घेतली; शुक्ला यांनी नंतर चूक मान्य करून अहवाल परत मागितला होता; आणि तो त्यांच्याकडूनच फुटला असावा असं सकृद्दर्शनी दिसतं, असं त्यात होतं. गंमत अशी की 2020 मध्ये ती परवानगी दिली होती गृहखात्याचे अपर मुख्य सचिव म्हणून खुद्द कुंटे यांनीच. शुक्ला यांचं उच्च न्यायालयातलं म्हणणं नेमकं हेच होतं: सरकारच्या परवानगीने काम केलं आणि आता बळीचा बकरा मला करताय.

ही परवानगी म्हणजे काय हे समजल्याशिवाय भांडण कळत नाही. तेव्हा लागू होता 1885 चा टेलिग्राफ कायदा. त्याच्या कलम 5(2) प्रमाणे सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तरच देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी अशा मोजक्या कारणांसाठी फोन ऐकता येत होता. 1996 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला कुंपण घातलं: आदेश गृहसचिवांचाच, मुदत दोन महिन्यांची, कमाल सहा महिने, वर आढावा समिती. कलम 5(2) मधल्या कारणांच्या यादीत भ्रष्टाचार हा शब्द नव्हता. म्हणजे बदल्यांचा बाजार खरा असला तरी तो पकडायला हे हत्यार वापरता येत होतं का, हा खरोखरीचा कायद्याचा प्रश्न होता. त्यावर सभेत टाळ्या पडत नाहीत, म्हणून तो कोणी लावून धरला नाही.

26 मार्चला बीकेसीच्या सायबर पोलीस ठाण्यात अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा दाखल झाला, 1923 च्या शासकीय गुपितांच्या कायद्याखाली. आता दोनच वर्षं मागे जाऊ. मार्च 2019 मध्ये राफेल विमानांच्या खरेदीची कागदपत्रं वर्तमानपत्रात आली, तेव्हा केंद्रातल्या भाजप सरकारच्या महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात याच कायद्याचं नाव घेतलं आणि कागद चोरीचे आहेत म्हणून ते पाहूच नयेत असा पवित्रा घेतला. न्यायालयाने तो मानला नाही. काँग्रेसचं तेव्हाचं म्हणणं होतं, कागद कुठून आला ते सोडा, त्यात काय आहे ते बघा. 2021 मध्ये मुंबईत काँग्रेस सत्तेत होती आणि भाजप विरोधात, आणि संवाद जसेच्या तसे एकमेकांच्या तोंडी गेले. नाटक तेच, नटांनी भूमिका बदलल्या. आणि गुपित फोडलं कोणी याचा तपास भलतीकडेच संपणं हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत एका गुप्तहेर महिलेचं नाव 2003 मध्ये फोडल्याच्या प्रकरणात उपराष्ट्राध्यक्षांचे सहायक लुईस लिबी दोषी ठरले ते तपासात खोटं बोलल्याबद्दल. नाव फोडल्याबद्दल शिक्षा कोणालाच झाली नाही.

आपल्या प्रकरणाचा पुढचा प्रवास बघा. ज्यांच्या हाती अहवाल प्रथम पडला ते जयस्वाल मे 2021 मध्ये सीबीआयचे संचालक झाले, आणि बदल्यांच्या आरोपाचा तपास त्याच सीबीआयकडे होता. राज्य सरकारने यावर बोट ठेवलं; उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. 13 मार्च 2022 रोजी मुंबई पोलिसांनी फडणवीस यांच्या ‘सागर’ बंगल्यावर जाऊन त्यांचा जबाब घेतला. गृहमंत्री दिलीप वळसे-पाटील म्हणाले, साक्षीदार म्हणून विचारलं. फडणवीस म्हणाले, प्रश्न आरोपीला विचारावेत तसे होते. संवेदनशील तपशील मी माध्यमांना दिलाच नाही, तो मंत्री नवाब मलिक यांनी दिला, असंही त्यांनी सांगितलं.

त्याच सुमारास शुक्ला यांच्यावर दोन वेगळे गुन्हे दाखल झाले, पुण्यात आणि कुलाब्यात. फडणवीस मुख्यमंत्री असताना नाना पटोले, एकनाथ खडसे, संजय राऊत यांचे फोन खोट्या नावांनी टॅप केल्याचा हा आरोप. पटोले यांचा नंबर म्हणे ‘अमजद खान’ या नावाने ऐकला गेला. 2020 च्या अहवालापेक्षा हा आरोप मला जास्त गंभीर वाटतो, कारण यात ऐकली गेलेली माणसं निवडून आलेली होती. पण तोही न्यायालयात सिद्ध किंवा असिद्ध होण्यापर्यंत पोचला नाही. जून 2022 मध्ये सरकार बदललं. फुटलेल्या अहवालाचा तपास सीबीआयकडे गेला आणि पुढे बंद झाला. पुण्याच्या गुन्ह्यात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि कुलाब्याच्या गुन्ह्यात खटला चालवायला राज्य सरकारने मंजुरी नाकारली, म्हणून सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी 2024 मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, काँग्रेसच्या तक्रारींनंतर, निवडणूक आयोगाने त्यांना हटवलं. निकालानंतर त्या परत आल्या. आणि पंढरपुरात भालकेंसाठी किल्ला लढवणारे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार 2023 मध्ये समोरच्या सरकारचे उपमुख्यमंत्री झाले होते. आता कोणी कोणाला अप्रामाणिक म्हणायचं?

सोलापूरला हा खेळ नवा नाही. इथल्या न्यायालयात शिपाई म्हणून सुरुवात करून पोलीस उपनिरीक्षक झालेले सुशीलकुमार शिंदे पुढे देशाचे गृहमंत्री झाले. 2013 मध्ये विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या फोनच्या नोंदी बेकायदा काढल्याचं उघड झालं, तेव्हा फोन टॅप झालेला नाही हे राज्यसभेत सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. त्या वेळी जाब विचारणारा पक्ष भाजप होता.

सोलापूरकराच्या दृष्टीने यात एकच गोष्ट कामाची आहे. शहराचा पोलीस आयुक्त, जिल्ह्याचा अधीक्षक, सांगोल्याचा किंवा अक्कलकोटचा ठाणेदार कसा नेमला जातो? सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळं नेमायला सांगितलं, ती नेमलीही गेली. ती स्वतःच्या बुद्धीने चालतात की वरून आलेल्या यादीवर सही करतात, हा 2020 च्या अहवालाचा खरा विषय होता. त्या कथित बाजारासाठी आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही, आणि ‘बाजार नव्हताच’ असा निर्वाळाही कोणी दिलेला नाही. भ्रष्टाचार उघड करणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने 2014 मध्ये मंजूर केला. तो मात्र अजून अमलात आलेला नाही, आणि आणा म्हणून दोन्ही बाजूंपैकी कोणी रस्त्यावर उतरलेलं नाही.