इमारत उभी राहिली, पण पाइप फुटला: भूकंप आणि स्प्रिंकलर

भूकंपात इमारत पडली नाही की आपण म्हणतो, डिझाइन पास झालं. पण इमारत उभी राहणं वेगळं आणि ती वापरता येणं वेगळं. हा फरक आज फायर स्प्रिंकलरच्या उदाहरणातून बघू.

लॉस एंजेलिसच्या उत्तर टोकाला सिल्मार इथे ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल आहे. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात त्याची तेव्हाची नवी इमारत इतकी खराब झाली की ती पाडावी लागली. पुढे स्टील प्लेटच्या शिअर वॉल वापरून अतिशय मजबूत इमारत बांधली. १७ जानेवारी १९९४ ला ६.७ तीव्रतेचा नॉर्थरिज भूकंप झाला. सांगाड्याला जवळपास काही झालं नाही. पण स्प्रिंकलरचे आणि थंड पाण्याचे पाइप फुटले, मजल्यांवर पाणी साचलं आणि रुग्णांना हलवावं लागलं. जखमी लोक येणार त्याच दिवशी!

एवढं पाणी येतं कुठून? वेट पाइप सिस्टिममध्ये पाइप कायम दाबाखाली भरलेले असतात. नेहमीच्या ८० के-फॅक्टरच्या एका हेडमधून १ बार दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी पडतं. व्हॉल्व्ह बंद करायला तासभर लागला तर ४,८०० लिटर. तुटलेल्या मोठ्या पाइपमधून याहून जास्त. दुसरी बाजू आणखी गंभीर आहे. भूकंपानंतर आगी लागतात. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमिनीखालच्या पाण्याच्या लाइनी तुटल्या आणि शहर तीन दिवस जळत राहिलं. म्हणजे स्प्रिंकलरची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच तो निकामी होण्याचा धोका असतो.

आता पाइप तुटतो का, ते बघू. स्लॅबला रॉडने टांगलेला पाइप म्हणजे ढोबळमानाने एक लंबकच. रॉड २५ सेंटीमीटरचा असेल तर लंबकाच्या सूत्राने आवर्तनकाल सुमारे १ सेकंद येतो. अनेक मध्यम उंचीच्या इमारतींचा आवर्तनकाल याच्याच आसपास असतो. दोन्ही जुळले की रेझोनन्स होतो आणि पाइप जोरात झुलू लागतो. हँगर फक्त वजन पेलतो, आडवा धक्का नाही. त्यात वरच्या मजल्यांवर हादरा वाढतो. अमेरिकेच्या एएससीई ७ च्या २०१६ च्या आवृत्तीतल्या सूत्रात छताजवळचं बल जमिनीलगतच्या तिप्पट धरलं जातं. स्प्रिंकलरसाठी त्याला वर १.५ चा महत्त्व-गुणांकही लागतो.

मग उपाय काय? एनएफपीए १३ या मानकाचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो.

पहिलं, पाइप इमारतीबरोबर हलू द्या. त्यासाठी मुख्य पाइपांना तिरके ब्रेस लावतात: आडव्या दिशेला जास्तीत जास्त सुमारे १२ मीटरवर, लांबीच्या दिशेला सुमारे २४ मीटरवर.

दुसरं, जिथे इमारतीचे दोन भाग एकमेकांपेक्षा वेगळे हलतात तिथे पाइपला मोकळीक द्या. समजा, मजल्याची उंची ३.५ मीटर आहे आणि ड्रिफ्ट १ टक्का आहे. वरचा स्लॅब खालच्यापेक्षा ३५ मिलिमीटर सरकणार. कडक रायझर इथे जोडाशी तुटू शकतो. म्हणून रायझरच्या वरच्या आणि खालच्या टोकाजवळ फ्लेक्झिबल कपलिंग बसवतात. भिंतीतून पाइप जातो तिथलं भोक पाइपपेक्षा मोठं ठेवतात. आणि एक्स्पान्शन जॉइंट ओलांडताना खास लवचीक जोडणी देतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फक्त 'घट्ट बांधा' म्हणणारा अर्धाच प्रश्न सोडवतो, आणि फक्त 'मोकळं सोडा' म्हणणारासुद्धा. कुठे घट्ट आणि कुठे मोकळं, हे ठरवणं म्हणजेच डिझाइन.

सगळ्यात नाजूक जागा मात्र फॉल्स सीलिंगची. हेड टाइलमधून खाली डोकावतं. टाइल एका तालात हलते, पाइप दुसऱ्या. हेड टाइलला धडकतं, मग टाइल फाटते किंवा हेडच तुटतं. त्यावर भोक मोठं ठेवणं किंवा लवचीक होजने हेड जोडणं हे उपाय आहेत. गंमत अशी की पाइप आणि सीलिंग वेगवेगळे शेक टेबलवर ठेवले तर दोन्ही पास होऊ शकतात. बिघाड दोघांच्या मधे असतो, म्हणून पूर्ण मजल्याच्या चाचण्या गरजेच्या ठरतात.

रिसर्चला येणाऱ्यांसाठी मुद्दा हाच. 'हा भाग किती मजबूत आहे?' याच्या पुढे जाऊन 'हा भाग शेजाऱ्याशी कसा वागतो?' असं विचारा. आणि 'तुटला' म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा: पहिला थेंब गळला की पाइप निखळला? फ्रॅजिलिटी कर्व्ह म्हणजे ठरावीक हादऱ्याला बिघाडाची शक्यता किती, याचा आलेख. तो या व्याख्येवरच उभा असतो. व्याख्या बदलली की तोच डेटा वेगळं उत्तर देतो.

आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई-पुणे तिसऱ्या झोनमध्ये आहेत. पुढच्या वेळी एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्ये गेलात की वर बघा. तिथे पाइप उघडेच असतात. हँगर दिसतील. तिरके ब्रेस दिसतात का, ते मोजा. तुमच्या पहिल्या सर्व्हेची सुरुवात तिथूनही होऊ शकते.