आपलेंच रक्त, आपलीच कांति

वार्धक्याच्या खुणा चेहऱ्यावरून पुसून टाकाव्या ही इच्छा मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. हळद, चंदन, मसुरीचें पीठ ही आपल्या घरांतली सामग्री तिचीच साक्ष देते. अलीकडे या सामग्रींत एका अगदीं निराळ्या पदार्थाची भर पडली आहे; तो म्हणजे मनुष्याचें स्वतःचें रक्त. हातांतून थोडें रक्त काढावयाचें आणि त्यांतील निवडक भाग सुईनें चेहऱ्याच्या त्वचेंत टोंचावयाचा, अशी ही रीति. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘पीआरपी’ म्हणतात. मुंबई-पुण्यांतही हा उपचार करणारे त्वचारोगतज्ज्ञ आहेत. तेव्हां त्यापासून लाभ किती आणि भय कोठें, याचा आज विचार करूं.

रक्त हें एकजिनसी तांबडें पाणी नव्हे. प्लाझ्मा नांवाच्या पिवळसर द्रवांत तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट नांवाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. डेंग्यूच्या साथींमुळें प्लेटलेट हा शब्द आतां घरोघर माहीत झाला आहे. निरोगी मनुष्याच्या एक घन मिलिमीटर रक्तांत हे कण सुमारें १,५०,००० ते ४,००,००० असतात. जखम झाली असतां तेच प्रथम धांवून येतात व वाहत्या रक्ताची वाट बुजवितात, हें जूल्यो बिझ्झोझेरो या इटालियन शास्त्रज्ञानें १८८२ सालीं दाखवून दिलें. परंतु त्यांचें काम एवढ्यावर संपत नाहीं. त्यांच्या पोटांत कांहीं प्रथिनें सांठविलेलीं असतात. जखमेच्या जागीं तीं बाहेर पडतात आणि आसपासच्या पेशींना वाढण्यास व कोलॅजनचे नवे तंतु विणण्यास प्रवृत्त करतात. त्वचेचा घट्टपणा या तंतूंवर अवलंबून असतो. वयानें आणि उन्हानें ते झिजले म्हणजे सुरकुत्या पडतात.

जे कण जखम भरतात, तेच एकवटून दिले तर झिजलेली त्वचाही सुधारणार नाहीं काय? या उपचाराच्या मुळाशीं ही कल्पना आहे. १९९८ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट मार्क्स या शल्यवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं जबड्याच्या हाडाच्या कलमांत असा द्रव वापरून हाड लवकर भरतें असें प्रसिद्ध केलें. पुढें ही रीति सांध्यांकडे, केसांकडे आणि चेहऱ्याकडे वळली.

कृति सोपी आहे. काढलेलें रक्त गोठूं नये म्हणून नळींत सायट्रेटसारखें द्रव्य घालतात आणि ती नळी सेंट्रिफ्यूज यंत्रांत वेगानें फिरवितात. घागरींतील गढूळ पाणी रात्रभर निवळावें, तसें हें रक्त कांहीं मिनिटांत निवळतें. जड तांबड्या पेशी तळाशीं बसतात. वरच्या द्रवांतून प्लेटलेट दाट असलेला भाग निवडून घेतात आणि बारीक सुईनें त्वचेंत सोडतात. बहुधा महिन्याच्या अंतरानें तीन वेळां हें करतात. रक्त स्वतःचेंच असल्यानें त्याचें वावडें होण्याचा संभव फार थोडा. सूज, दुखणें व काळेनिळे डाग मात्र कांहीं दिवस राहतात.

आतां लाभाविषयीं. २०१८ सालीं शिकागो येथील त्वचारोगतज्ज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक व्यक्तीच्या एका गालांत हा द्रव व दुसऱ्यांत नुसतें मिठाचें निर्जंतुक पाणी टोंचलें. शेवटपर्यंत टिकलेल्या १९ जणांचा हिशेब केला. सहा महिन्यांनीं त्या व्यक्तींनीं स्वतः सांगितलें कीं, द्रवाच्या बाजूची त्वचा अधिक सुधारली. परंतु कोणत्या गालांत काय घातलें हें ठाऊक नसलेल्या परीक्षकांनीं छायाचित्रें पाहिलीं, तेव्हां दोन्ही बाजूंत त्यांना म्हणण्याजोगा फरक आढळला नाहीं. प्रयोग लहान होता, आणि टोंचणी एकदांच झाली होती, हें खरें. तरीही कायमचें तारुण्य विकणाऱ्या जाहिरातींपुढें हा निकाल ध्यानांत ठेवावा.

भयाची गोष्ट याहून गंभीर आहे. अमेरिकेंत न्यू मेक्सिको संस्थानांतील आल्बुकर्की येथें परवाना नसलेल्या एका सौंदर्यगृहांत हा उपचार होत असे. २०१८ सालीं तेथें चौकशी झाली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नांवांच्या चिठ्ठ्या नसलेल्या रक्ताच्या नळ्या, आणि खाद्यपदार्थांशेजारीं शीतपेटींतही तशाच नळ्या सांपडल्या. तेथें जाणाऱ्या कांहीं स्त्रियांना एच.आय.व्ही.ची बाधा झाल्याचें अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलें. रूप उजळण्यास गेलेल्यांनीं जन्माचा रोग घरीं आणला!

‘रक्त तर आपलेंच आहे’ हें आश्वासन म्हणूनच अपुरें आहे. रक्त आपलें असेल. परंतु सुई, नळी आणि हात परक्याचे असतात. म्हणून उपचार करणारा नोंदणीकृत वैद्य आहे काय, सुईचें पाकीट आपल्यासमोर फोडलें काय, नळीवर आपलें नांव लिहिलें काय, हें निःसंकोच विचारावें. रक्त पातळ करणारीं औषधें घेत असल्यास, प्लेटलेट कमी असल्यास किंवा त्वचेस संसर्ग असल्यास तें आधीं सांगावें. जो वैद्य या प्रश्नांनीं रागावेल, त्याच्या दारावरून परत फिरावें. आणि ज्यांना हा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं खंत करूं नये. दुपारच्या उन्हांत छत्री धरणें हाही त्वचेच्या रक्षणाचा सिद्ध झालेला उपाय आहे, आणि त्यास सुई लागत नाहीं.