ताट वाढताना रक्तगट कशाला?

रक्तगट पाहून आहार घ्यावा, असा सल्ला अलीकडे पुष्कळ घरांत पोहोचला आहे. ‘तुझा गट बी, तू कोंबडी, मसूर, शेंगदाणे सोड,’ असे कोणीतरी सांगते आणि घरची बाई मुकाट्याने आपल्याच ताटातले पदार्थ कमी करते. म्हणून या सल्ल्याची शहानिशा करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

हे मत पीटर डी’अ‍ॅडमो या अमेरिकन निसर्गोपचारकाने १९९६ साली पुस्तक लिहून जगभर पसरवले. त्यांचे म्हणणे असे की, ओ गट आदिम शिकाऱ्यांचा, म्हणून त्यांनी मांस खावे. ए गट शेतकऱ्यांचा, त्यांनी शाकाहार करावा. बी गट भटक्या पशुपालकांचा, त्यांना दूधदुभते मानवते. एबी गटाने दोहोंचा मेळ घालावा. ऐकायला हे सुटसुटीत वाटते. परंतु ए आणि बी हा भेद शेतीच्या कितीतरी आधीचा आहे. तो माणसाप्रमाणे वानरांतही आढळतो.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? २०१३ साली संशोधकांनी उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा या आहाराच्या बाजूने पुरावा सापडला नाही. २०१४ साली टोरांटो विद्यापीठाने १,४५५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाज्या-फळांवर भर देणारा ‘ए’चा आहार घेणाऱ्यांची प्रकृती चांगली दिसली खरी, पण त्यांचा गट कोणताही असो! लाभ आहाराचा होता, रक्तगटाचा नव्हे.

मग रक्तगटाला महत्त्व नाही काय? आहे, आणि फार मोठे आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नात हे गट शोधले, त्यामुळे रक्त चढवणे सुरक्षित झाले. १९५२ साली आपल्या मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ हा दुर्मीळ गट जगापुढे आणला. अशा माणसाला ओ गटाचे रक्तदेखील चालत नाही. गरोदर स्त्री आरएच निगेटिव्ह असेल, तर डॉक्टरांना ते वेळीच कळले पाहिजे. रक्तगटाचे काम दवाखान्यात आहे, चुलीपाशी नाही.

आणखी एक विचार करावा. आई ए गटाची आणि वडील बी गटाचे असतील, तर त्यांच्या मुलांत चारही गट निघू शकतात. त्या माऊलीने चार चुली मांडाव्यात काय? डाळ, शेंगदाणे, अंडी ही कष्टकरी घराची स्वस्तातली ताकद. अंगात रक्त कमी असलेल्या बाईने हेच सोडले, तर तिने काय खावे?

आमचे सांगणे एवढेच. भाकरीबरोबर डाळ-उसळ, पालेभाजी आणि परवडेल तेव्हा अंडी, मासळी किंवा मटण घरातल्या सर्वांना सारखे वाढा. भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा टाळा. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल, तर पथ्य डॉक्टरांना विचारून ठरवा.

जन्मावरून माणसाचे ताट ठरवण्याची रीत आपण पिढ्यानपिढ्या सोसली आहे. रक्ताचे नाव पुढे करून ती पुन्हा घरात घेऊ नये. रक्तगट मात्र प्रत्येकाने तपासून, कागदावर लिहून जपून ठेवावा. तो अडल्यावेळी कोणाचा तरी जीव वाचवील.