'पानी' आणि 'पाणी': शुद्ध भाषा ठरवतं कोण?

1965 साली आलेल्या 'गुमनाम'मध्ये मेहमूदने हैदराबादी ढंगात बोलणारा खानसामा रंगवला आणि देशभरातली थिएटरं खदखदून हसली. 'हौ', 'नक्को', 'मैं वहींच था' ही बोली हिंदी पडद्यावर बहुतेकदा हसवण्यापुरतीच आली. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात, सिटी चौकात मात्र आजही तिच्यातच घासाघीस होते, सुखदुःखं सांगितली जातात. ही दखनी. तिच्यातला ठसक्याचा 'च' मराठीचा.

याच दखनीने एके काळी दिल्लीला कविता शिकवली. वली औरंगाबादी या नावानेही ओळखला जाणारा शायर वली दखनी 1700 च्या सुमारास दिल्लीला गेला. पुढे त्याचा दीवान, म्हणजे कवितांचा संग्रह, तिथे पोचला, तेव्हा फारसीत लिहिणाऱ्या शायरांना आपल्या बोलण्यातल्या भाषेतही गझल होऊ शकते हे उमगलं. पुढच्या पिढ्यांनी मात्र दखनी आणि देशी शब्द अनघड ठरवून गाळायला सुरुवात केली. प्रमाण उर्दूचा मान उत्तरेकडे गेला.

निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या मराठीची गत निराळी नव्हती. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं ते उर्दू माध्यमाचं. देशी भाषेतून उच्च शिक्षण, हे त्या काळी मोठंच धाडस होतं. पण मराठी घरातल्या मुलाला कचेरीत, कोर्टात, कॉलेजात शिरायचं तर आधी उर्दू यावी लागे. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, मराठीचे दिवस आले. पण छापील मराठीचा दंडक पुण्या-मुंबईचा. 'काहून', 'लई', 'व्हय' म्हणणारा पुन्हा बाहेरच राहिला.

या बाहेर राहिलेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. गावकुसाबाहेरून आलेली पोरं त्याच्या नागसेनवन परिसरात शिकू लागली. तिथले प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. कृष्णवर्णीयांचं साहित्य त्यांनी या मुलांपुढे मांडलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक निघालं आणि गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशकं निष्ठेने चालवलं. ज्या भाषेला वर्गात लाल शाईच्या रेघा मिळत, ती तिथे सन्मानाने छापली गेली.

त्या लाल रेघेखाली काय असे? 'पाणी'ऐवजी 'पानी', 'कोण'ऐवजी 'कोन'. एवढ्यावरून ऐकणारा आजही बोलणाऱ्याची जात आणि गाव ताडू पाहतो. खरं तर हिंदीत 'पानी' हाच शुद्ध उच्चार. दिल्लीत हरियाणवी माणूस 'पाणी' म्हणाला, की तो गावंढळ ठरतो. पुण्यात 'पानी' म्हणणारा. म्हणजे खोट त्या 'न'मध्ये नाही की 'ण'मध्ये नाही. इंग्रजीतही हेच. लंडनच्या प्रतिष्ठित उच्चारात 'कार'मधला शेवटचा 'र' ऐकू येत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र तो न उच्चारणं कमी दर्जाचं मानतात, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1960 च्या दशकात प्रत्यक्ष पाहणीतून दाखवलं. कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीला स्वतःचं पक्कं व्याकरण आहे, हेही त्यांनी सिद्ध केलं. 1979 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ॲन आर्बर इथल्या शाळा मंडळाला बजावलं, की वाचायला शिकवताना या मुलांची घरची बोली लक्षात घ्या.

म्हणून प्रमाणभाषा शिकवूच नये, असं नाही. बाबासाहेबांनी 'मूकनायक' मराठीत काढलं आणि राज्यकर्त्यांशी वाद घातला तो कसलेल्या इंग्रजीत. संभाजीनगरला स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या खेड्यातल्या मुलीला प्रमाण मराठीही हवी आणि इंग्रजीही. त्यांच्यावाचून मुलाखतीचं दार उघडत नाही. त्यासाठी आईच्या बोलीची लाज बाळगायला लावण्याची गरज नाही. शिक्षकाने फळ्यावर 'पानी' आणि 'पाणी' दोन्ही लिहावं, पहिलं कुठे-कुठे बोललं जातं ते पोरांकडूनच वदवून घ्यावं आणि उत्तरपत्रिकेत दुसरं का लिहायचं ते समजावून सांगावं. वर्गात कुणी हसलं तर तिथेच थांबवावं. एवढं करायला ना नवं धोरण लागतं, ना निधी.